पुस्तक वाचून आलेली माणसं

पौषात लग्नं नसतात, म्हणून फुलांच्या धंद्यातल्या माणसांना भांडायला सवड मिळते ती पौषातच. गेल्या पिढीपर्यंत विधात्यांची भांडणं मखमलाबादच्या मळ्यात, विहिरीच्या कठड्यावर बसून व्हायची आणि त्यांना भांडणंच म्हणायचे. या वर्षी थोरल्या ज्ञानेशने देवळाली कॅम्पातला एक जुना बंगला दिवसभरासाठी घेतला, तिथे पांढरा फळा मागवला आणि घरातल्या सगळ्यांनी 'लीडरशिप रिट्रीट'ला यायचं असं फर्मान काढलं.

"म्हणजे काय असतं ते?" गाडीतून उतरता उतरता आक्काबाईंनी थोरल्या सुनेला विचारलं.

"बसून बोलायचं असतं, आई," शुभांगी म्हणाली.

"मंग घरी काय उभ्यानं बोलत होतो का?"

शुभांगीने उत्तर दिलं नाही. सासूच्या निम्म्या प्रश्नांना ती कधीच उत्तर देत नसे, आणि दोघींचं इतकी वर्षं बरं चाललं होतं ते बहुधा त्यामुळेच.

बोलण्यासारखं मात्र खरंच होतं. दिवाळीत लक्ष्मीपूजन आटोपल्यावर अण्णांनी, म्हणजे गोटीराम विधात्यांनी, सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की गुडघ्यांना आता दुकानाचा जिना होत नाही, गुढीपाडव्यापासून मी घरी बसणार, कारभार कोण बघणार ते ठरवा. डोक्यावरून गुलछडीची पाटी आणून फूलबाजारात बसणाऱ्या माणसाने मुंगसऱ्याला पॉलिहाऊस उभी केली होती, नाशिक शहरात दुकानं काढली होती, आणि गंगापूर रोडच्या लॉन्सवरची अर्धी लग्नं आज त्याच्या नावाच्या फुलांनी सजत होती. त्याची गादी ज्ञानेशकडे जाणार, हे सगळे धरूनच चालले होते. ज्ञानेशही. पण त्याला ती नुसती थोरला म्हणून नको होती. शास्त्रशुद्ध पद्धतीने हवी होती.

पुस्तकांचा नाद त्याला लॉकडाऊनमध्ये लागला. यश, सवयी, ध्येयं, पहाटेचा पहिला तास, माणसं जिंकण्याची कला. प्रत्येक पुस्तक तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणापर्यंत इतक्या श्रद्धेने वाचायचा की पुढे वाचायची गरजच उरत नसे. एका पुस्तकानंतर दुकानात रोज सकाळी उभ्याने मीटिंग सुरू झाली; हार करणाऱ्या बायकांनी बसून हार ओवता ओवता ती ऐकली. दुसऱ्या पुस्तकानंतर गिऱ्हाइकाला 'पाहुणे' म्हणायचं ठरलं, आणि उधारी मागताना पंचाईत व्हायला लागली तेव्हा ते बंद पडलं. तिसऱ्यानंतर सूचनापेटी आली. तीत एकच चिठ्ठी पडली, चहात साखर वाढवा अशी.

मग हे पिवळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक आलं. नेता कसा घडतो, घरचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकतो, वगैरे. त्याच्या पहिल्या दोन प्रकरणांनी ज्ञानेश इतका भारावला की त्याने घरातल्या प्रत्येकासाठी एक प्रत घेतली आणि संक्रांतीला तिळगुळाबरोबर वाटली. सगळ्यांनी वाचूनच देवळालीला यायचं, असं बजावलं.

इथे त्याचं चुकलं. घरातल्या माणसांनी ते खरंच वाचलं.

अण्णांना बारीक अक्षर दिसत नाही. त्यांना रोज दुपारी नात, ज्ञानेशची सृष्टी, वाचून दाखवायची, आणि अण्णा मध्येच थांबवून एखादं वाक्य परत वाचायला लावायचे. समाधान, ज्ञानेशचा धाकटा भाऊ, मुंगसऱ्याची पॉलिहाऊस सांभाळणारा. शाळा सुटल्यापासून त्याने एकही पुस्तक हातात धरलं नव्हतं. हे त्याने अखेरच्या पानापर्यंत वाचलं, पेन्सिलीने खुणा करत, भावाच्या पुस्तकात भावाविरुद्ध काही सापडतंय का ते बघत. त्याची बायको रोशनी, नवरा इतकं काय वाचतो म्हणून वाचायला लागली. आणि शुभांगीने कॉलेज रोडच्या दुकानात गल्ल्यावर बसून, दुपारच्या रिकाम्या वेळात, दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा का वाचलं, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

*

बंगल्याच्या व्हरांड्यात खुर्च्या अर्धगोल मांडल्या होत्या. लांब लष्कराच्या रेंजवर तोफांचा सराव चालू होता. मधूनच धप्प असा आवाज यायचा आणि खिडक्यांची जुनी तावदानं थरथरायची. आक्काबाई पहिल्या आवाजाला दचकल्या, दुसऱ्यानंतर त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

ज्ञानेशने फळ्यावर चौकटी काढल्या होत्या. वरती 'संस्थापक', तिथे अण्णांचं नाव. त्याखाली 'मॅनेजिंग डायरेक्टर', तिथे काही नाही. त्याखाली 'उत्पादन', तिथे समाधान. 'दुकानं', तिथे शुभांगी. 'कस्टमर डिलाइट', तिथे रोशनी. मधली चौकट त्याने विनयाने मोकळी ठेवली होती, म्हणजे कुणीतरी उठून त्याचं नाव सुचवेल. शुभांगीला त्या मोकळ्या चौकटीकडे बघून कसंतरी झालं. घरी आरशासमोर उभं राहून तो काय बोलणार आहे याची तालीम करत होता, ते तिने पाहिलं होतं. निळा शर्ट तिनेच इस्त्री केला होता.

"आपण आज कंपनीच्या पुढच्या पंचवीस वर्षांचा विचार करणार आहोत," ज्ञानेशने सुरुवात केली. "पुस्तकात म्हटलंय तसं, आधी मोकळेपणा. मनात असेल ते बोलायचं. कुणी राग धरायचा नाही."

"कुणीच?" समाधानने विचारलं.

"कुणीच."

"मग दादा, सातव्या प्रकरणातला प्रश्न आधी घेऊ."

ज्ञानेशच्या हातातला मार्कर थांबला. "सातवं. हो, ते आहेच पुढे. आधी व्हिजन..."

"त्यात लिहिलंय, व्हिजनच्या आधी हा प्रश्न घ्या. नाहीतर व्हिजन फळ्यावरच राहते." समाधानने पुस्तक उघडलं. पान आधीच दुमडलेलं होतं. शेतातल्या माणसाने अर्ज वाचावा तसं, एकेक शब्द सुटा करत, त्याने वाचलं, "'गेल्या वर्षात काम अडलं, तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी कुणाकडे वळलात? प्रत्येकाने एक प्रसंग आणि एक नाव सांगावं. ज्या नावाकडे माणसं वळतात, तो तुमचा नेता. दारावरच्या पाटीवर नाव कुणाचंही असो.'"

"छान आहे प्रश्न," ज्ञानेश म्हणाला. त्याला खरंच छान वाटला असावा. त्याने मधल्या मोकळ्या चौकटीकडे पाहिलं. "चला, समाधान, तूच सुरू कर."

"वैशाखात वारं सुटलं होतं. पॉलिहाऊसचा कागद फाटून पार नदीकडं गेला. सगळा जर्बेरा उघडा. मी फोन केला वहिनींना." तो शुभांगीकडे न बघता म्हणाला. "त्यांनी तासाभरात ताडपत्र्या पाठवल्या, मांडववाल्याकडून. मला सुचलंच नव्हतं मांडववाल्याकडं असतात म्हणून."

"मी पण वहिनींनाच," रोशनी म्हणाली. "डेकोरेशनची पोरं अर्ध्यातून निघून गेली होती तेव्हा."

अण्णांनी घसा साफ केला. "माझ्या छातीत दुखलं तवा मी सृष्टीला म्हनलं, तुझ्या आईला लाव."

"मी कुनाला फोन करत नाय," आक्काबाई म्हणाल्या. "मला लावता येत नाय."

"अगं पण कुणाकडे वळलीस?" ज्ञानेशने विचारलं. आवाजात किंचित आशा होती.

"फोन लावून द्यायला शुभांगीकडंच वळते. दुसरं कोन लावून देतं?"

तोफेचा आवाज झाला. तावदानं थरथरली. शुभांगी मान खाली घालून पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसली. हे थांबवावं, काहीतरी गमतीचं बोलून उडवून लावावं, असं तिच्या मनात आलं. या घरातले असे कितीतरी प्रसंग तिने चहा आणते म्हणून मोडून काढले होते. चहाचा थर्मास शेजारीच होता. ती उठली नाही.

"माझं वेगळं आहे," ज्ञानेश म्हणाला. "मी निर्णय स्वतः घेतो. लीडरला कुणाकडे वळायची..."

"पप्पा, लोणावळा," सृष्टी म्हणाली.

ती एकवीस वर्षांची होती, वडिलांची लाडकी, आणि मोकळेपणाने बोलायचं असं सांगितलं तर मोकळेपणाने बोलायचं असतं असं समजण्याइतकी लहान. लोणावळ्याच्या लीडरशिप शिबिरात प्रत्येकाला स्टेजवर जाऊन आपल्या व्यवसायाचं ध्येय एका वाक्यात सांगायला लावलं होतं. ज्ञानेशने आपला नंबर येण्याआधी बाथरूममधून बायकोला फोन करून विचारलं होतं, आपलं ध्येय काय आहे म्हणून. त्या वाक्याला दुसरं बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्र दुकानात लावलेलं होतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं शुभांगीला वाटलं.

"मंग लिहा तिचं नाव," अण्णा म्हणाले. "इतका वेळ कशाला?"

"अहो, काय बोलताय?" आक्काबाई खुर्चीत सरळ झाल्या. "पोरानं बायकोच्या हाताखाली काम करायचं? लोक काय म्हंतील?"

"वहिनींच्या हाताखाली मी काम करायला तयार आहे, आई," समाधान उदारपणे म्हणाला. "धंद्यात असं बघायचं नसतं. पुस्तकात आहे."

शुभांगीने त्याच्याकडे पाहिलं. समाधानच्या चेहऱ्यावर असं समाधान तिने याआधी एकदाच पाहिलं होतं, मळ्याच्या वाटणीत विहीर त्याच्याकडे आली तेव्हा.

ज्ञानेशने मार्करला टोपण लावलं. दोनदा लावलं, पहिल्यांदा ते नीट बसलं नाही. "आधी जेवून घेऊ," तो म्हणाला.

*

जेवण घरूनच आणलं होतं. वांग्याची भाजी, बाजरीच्या भाकरी, तिळाची चटणी. ज्ञानेश ताट घेऊन बागेच्या टोकाला जाऊन बसला आणि फोनवर बोलत राहिला. पलीकडे कुणी नव्हतं हे शुभांगीला लांबूनच कळत होतं. खरा फोन असला की तो फेऱ्या मारतो.

ती हात धुवायला नळावर गेली तेव्हा समाधान मागून आला.

"वहिनी, अभिनंदन."

"अजून काही झालं नाही, भाऊजी."

"झाल्यातच जमा आहे. अण्णांनी बोलून टाकलंय. आई दोन दिवस बोलेल, मग गप्प होईल." त्याने आवाज खाली आणला. "एक छोटी गोष्ट होती. सुनीलच्या गाड्यांचं."

सुनील हा रोशनीचा भाऊ. त्याच्याकडे माल वाहणाऱ्या पिकअप होत्या, आणि मुंगसऱ्याहून दुकानांत आणि मुंबईला जाणारी सगळी फुलं त्याच्याच गाड्यांतून जावीत, असं समाधानचं वर्षभर चाललं होतं. दसऱ्याला त्याला एक फेरी देऊन पाहिली होती. घोटीजवळ तो मित्राच्या धाब्यावर जेवायला थांबला आणि शेवंती भर उन्हात ताडपत्रीखाली वाफेवर शिजली. दादरच्या व्यापाऱ्याने फोनवर जे ऐकवलं, ते ऐकायला शुभांगीच होती.

"दादा काय, त्याला नाहीच म्हणत होता," समाधान म्हणाला. "तुम्ही समजून घेता. तुम्ही वर असलात की आपल्याला बोलता येईल. तेवढा एक शब्द द्या, म्हणजे मी दुपारी जोरात बोलतो तुमच्यासाठी."

आता तिला सगळं नीट दिसलं. नवऱ्याला चौकट हवी होती. दिराला चौकटीत असं कुणीतरी हवं होतं, ज्याला नळावर गाठता येईल. सासऱ्यांना दुपारची झोप हवी होती. आणि तिला काय हवं होतं, हा प्रश्न अजून कुणीच विचारला नव्हता, पुस्तकानेही नाही.

तिला ती जागा हवी होती.

हे तिला नळाखाली हात धरून उभी असतानाच कळलं, आणि इतकं स्पष्ट कळलं की जरा भीतीच वाटली. चांदवडच्या कांदा व्यापाऱ्याची ती मुलगी. वडिलांच्या अडतीवर मागच्या खोलीत बसून तिने बाजार ऐकला होता. भाव पडायच्या आधी वडिलांचा आवाज कसा बदलतो, ते तिला भावांच्या आधी कळायचं. भावांना अडत मिळाली, तिला स्थळ मिळालं. याचं तिला दुःख होतं असंही नाही. इतक्या वर्षांत त्याचा विचार करायला वेळच झाला नव्हता.

"दुपारी बोलू, भाऊजी," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

समाधानने हे होकारासारखं ऐकलं. तो शीळ घालत ताट ठेवायला गेला.

*

दुपारी सगळे परत बसले तेव्हा ऊन व्हरांड्याच्या फरशीवर आलं होतं आणि अण्णांच्या डोळ्यांवर झापड होती. ज्ञानेश फळ्याशी उभा राहिला नाही. कडेच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "बोला."

"मी बोलते," शुभांगी म्हणाली. उभं राहून बोलावं की बसून हे तिला ठरवता येईना. शेवटी ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "अण्णा म्हणाले तसं माझं नाव लिहायचं असेल, तर मी नको म्हणणार नाही."

आक्काबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मुकी गाय बोलली.

"पण आधी दोन गोष्टी सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. पुण्यातलं दुकान या वर्षी होणार नाही."

ज्ञानेशने मान वर केली. पुण्याचं दुकान हे त्याचं स्वप्न होतं. बाणेरला जागा बघून झाली होती, नाव ठरलं होतं, काचेवरची नक्षीसुद्धा.

"आपल्याकडे नाशिकला पुरेल एवढी चांगली माणसं नाहीत," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. तिला त्याच्याकडे बघून बोलणं जड जात होतं, म्हणूनच तिने नजर काढली नाही. "पुण्याला तुम्ही गेलात तर इथे कोण? आणि तुम्ही नाही गेलात तर तिथे कोण? दोन वर्षांनी बघू."

"आणि दुसरी?" समाधानने विचारलं. पहिली त्याला आवडली होती.

"सुनीलला गाड्यांचं काम मिळणार नाही. एक फेरीसुद्धा नाही. मुंगसऱ्याच्या वाहतुकीचं मी स्वतः बघीन."

रोशनीचा चेहरा उतरला. समाधान आधी हसला, मग थांबला. "वहिनी, हे आपलं नळावर..."

"नळावर मी म्हटलं होतं, सगळ्यांसमोर बोलू."

"म्हणजे माझ्या मेव्हण्याचा असा चारचौघांत अपमान?"

"चौघं नाहीत, भाऊजी, घरचेच आहोत. आणि राग धरायचा नाही असं सकाळी ठरलंय."

समाधानने पुस्तक मांडीवरून उचलून बाजूच्या टेबलावर पालथं टाकलं. "मग माझं मत बदललं. तसा बाईमाणसाला हा व्याप झेपेल का, हाही प्रश्न आहेच. आई सकाळपासून तेच म्हणतेय. काय गं आई?"

धाकट्या सुनेच्या माहेरच्यांशी आक्काबाईंचं समाधानच्या लग्नातल्या मानपानापासून बिनसलेलं होतं. सुनीलने तेव्हा हळदीच्या जेवणाला नावं ठेवली होती, आणि ती गोष्ट सुनील विसरला होता, रोशनी विसरली होती, खुद्द वाढपीसुद्धा विसरले असतील.

"सुनीलला गाडी नाय म्हंतीय ना ती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग राहू दे तिलाच. मान्सं कळतात तिला."

सृष्टीने खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. अण्णा जागे झाले होते. त्यांनी काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली आणि थोरल्या मुलाकडे वळले.

"ज्ञानेश. तू काय म्हंतोस? तू नाय म्हनला तर विषय संपला. तुझ्या मनाविरुद्ध मी काय करनार नाय."

शुभांगीला वाटलं, हे असं सरळ विचारायला नको होतं. त्याने नाही म्हटलं तर तो उद्यापासून या माणसांत कसा वावरेल, आणि हो म्हटलं तर कसा वावरेल, ते तिला कळेना. पुस्तकात नेत्याने काय करावं याची अकरा प्रकरणं होती. ज्याला व्हायचं होतं आणि होता आलं नाही त्याने काय करावं, यावर एक ओळ नव्हती.

ज्ञानेश उठला. फळ्यापाशी गेला, मार्करचं टोपण काढलं. सगळ्यांकडे पाठ करून तो थोडा वेळ नुसताच उभा राहिला. मग मोकळ्या चौकटीत त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सौ. शुभांगी'. थोडं थांबून, 'सौ.' पुसून टाकलं.

वळला तेव्हा त्याचा चेहरा बऱ्यापैकी सावरलेला होता.

"खरं सांगायचं तर," तो म्हणाला, "आजच्या रिट्रीटचा उद्देशच हा होता. मी चौकट मोकळी ठेवली ती मुद्दाम. मी आधीच नाव लिहिलं असतं तर ते माझं मत झालं असतं. आता ते तुमच्या सगळ्यांच्या तोंडून आलं. याला प्रोसेस म्हणतात."

समाधानने तोंड उघडलं, पण रोशनीने, का कोण जाणे, त्याच्या दंडाला हात लावला. अण्णा म्हणाले, "लय चांगली केली प्रोसेस." त्यांच्या आवाजात थट्टा होती की नव्हती ते आयुष्यभर कुणाला कळलं नव्हतं, आताही कळलं नाही.

शुभांगी फक्त मार्कर धरलेल्या त्या हाताकडे बघत होती. ज्ञानेशने तो पाठीमागे नेला.

*

संध्याकाळच्या आत सगळे निघाले. आक्काबाई समाधानच्या गाडीत बसल्या. घरात जो हरेल त्याच्याबरोबर बसायचं, अशी त्यांची पद्धत होती; आज दोन्ही मुलं हरली होती, म्हणून त्यांनी जास्त चिडलेला निवडला. अण्णा त्यांच्यामागे गेले, आणि दोन्हीकडचा निरोप पोचवायला कुणीतरी हवं म्हणून सृष्टीही.

ज्ञानेशने किल्ली शुभांगीच्या हातात दिली आणि डावीकडे जाऊन बसला. लॅम रोडला लागल्यावर त्याने विचारलं,

"समाधानने तुला आधी सांगितलं होतं?"

"नाही."

"अण्णांनी?"

"नाही."

एक लष्करी ट्रक हळूहळू पुढे चालला होता. तिने तो ओलांडला नाही.

"तुला हवं होतं?" त्याने विचारलं.

हा प्रश्न आज पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता, आणि विचारणारा तो होता. "हो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"माहीत नाही. दुपारी कळलं."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "मी नाही म्हणणार होतो. फळ्यापाशी गेलो तेव्हा नाहीच म्हणणार होतो."

"मग?"

"समाधान मागे बसून त्याचीच वाट बघत होता. मला त्याला ते द्यायचं नव्हतं." आणि मग, "तेवढंच कारण नव्हतं."

तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने पुस्तकातलं काहीतरी सांगितलं असतं.

विहितगावच्या पुढे तिचा फोन वाजला. डेकोरेशनची पोरं सांभाळणारा झुंबर होता. शुभांगीने फोन स्पीकरवर टाकला.

"वहिनी, घोळ झाला. ते डॉक्टर सायली मॅडमच्या आईंचा पंचाहत्तरीचा कार्यक्रम आहे ना हॉलवर. आपल्याकडून सगळा पांढरा माल आला. पांढरा जर्बेरा, पांढरी शेवंती, पांढरी गुलछडी. आम्ही लावून पण टाकला. मॅडम आत्ता आल्या, म्हणतात हा वाढदिवस आहे का शोकसभा. आई जिवंत आहे म्हणतात. लई तापल्यात. तुम्हाला फोन करतील."

तो बोलत असतानाच दुसरा फोन यायला लागला. शुभांगीने गाडी कडेला घेतली. तिच्या तोंडात शब्द तयार होते: माफ करा मॅडम, मी स्वतः येते. हे शब्द तिने इतक्या वेळा वापरले होते की ते आपोआप यायचे. आणि ती खरंच स्वतः जायची. म्हणून तर सगळे तिच्याकडे वळायचे. म्हणूनच वळायचे, दुसरं काही नाही, असं तिला त्या क्षणी वाटलं, आणि असंच चालू राहिलं तर फळ्यावर नाव लिहून काय बदललं तेही समजेना.

तिने फोन ज्ञानेशपुढे धरला. "तुम्ही बोला."

"तू आहेस ना आता," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात कडवटपणा आला.

"म्हणूनच सांगतेय."

फोन वाजत राहिला. ज्ञानेशने तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. त्याने शर्टाची कॉलर सारखी केली, फोन घेतला, आणि त्याचा आवाज एकदम गुळासारखा झाला.

"डॉक्टर, नमस्कार, ज्ञानेश विधाते. नाही, तुम्ही आधी पूर्ण बोलून घ्या. मी ऐकतोय."

त्याने खरंच ऐकलं. एकदाही सबब सांगितली नाही. पलीकडचा आवाज उतरत गेला तसा त्याने विचारलं, आईंचं नाव काय, त्या आज काय नेसणार आहेत. जांभळी पैठणी, असं पलीकडून आलं. वडिलांनी घेतलेली, त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. "मग सगळं त्या पैठणीला शोभेल असं करू," ज्ञानेश म्हणाला. "पांढरं काढतच नाही, त्यात रंग भरतो. पाहुणे यायच्या आत. आणि आईंना हार मी माझ्या हाताने आणतो." पलीकडून डॉक्टरबाई कशावर तरी हसल्या. शुभांगी ऐकत होती. हे तिला जमलं नसतं. तिने माफी मागितली असती, फुलं बदलली असती, आणि ती बाई पुढची दहा वर्षं ही गोष्ट सगळ्यांना सांगत बसली असती.

त्याने फोनवर हात ठेवला. "समाधानकडे जांभळं काय आहे?"

"अष्टर आहे. त्यांना मी फोन करते."

त्याच्या खिशातला फोन घेऊन तिने दिराला लावला. समाधानने उचलला.

"भाऊजी, जांभळं अष्टर हवंय. असेल तेवढं. हॉलवर."

पलीकडून आधी नुसता गाडीचा आवाज आला, मागे आक्काबाईंचं काहीतरी पुटपुटणं. मग तो म्हणाला, "तोडायला लावतो. गाडी कुणाची पाठवू?"

"तुमची. आई-अण्णांना आधी घरी सोडा."

"बरं," तो म्हणाला. वहिनी म्हणाला नाही. फोन ठेवला.

ज्ञानेशचंही बोलणं संपलं होतं. तो सीटवर मागे रेलला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचे खांदे मोकळे दिसत होते.

"बघितलंस?" तो म्हणाला. "माणूस असा सांभाळायचा असतो."

"बघितलं," शुभांगीने गाडी रस्त्यावर घेतली. "उद्यापासून तक्रारीचे सगळे फोन तुम्हीच घ्यायचे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. हा मान होता की शिक्षा, ते त्याला ठरवता येईना. तिलाही अजून ते नक्की ठरलेलं नव्हतं, पण हुकूम देऊन झाला होता, आणि ज्ञानेश हॉलकडे जायचा जवळचा रस्ता सांगायला लागला होता.